गेम खेळत खरी गिटार शिकायची, तर अशी

२००५ साली गिटार हीरो हा गेम आला, तेव्हा खेळणाऱ्याच्या हातात यायची ती प्लास्टिकची गिटार. तिला तारा नव्हत्या, पाच रंगीत बटणं होती. २०१० च्या रॉक बँड ३ मध्ये प्रो मोड आला आणि त्यासाठी निघालेल्या एका कंट्रोलरवर सतरा फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधले कप्पे) आणि सहा तारांच्या हिशेबाने तब्बल १०२ बटणं बसवली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये यूबीसॉफ्ट या गेम कंपनीने रॉकस्मिथ काढला आणि बटणांचा विषयच संपला. खरीखुरी इलेक्ट्रिक गिटार केबलने जोडायची, तार छेडायची, गेम तो सूर ऐकतो आणि बरोबर की चूक ते सांगतो.

अशा गेमवर गिटार खरंच शिकता येते, असं माझं ठाम मत आहे. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवायला हवी. कोणता सूर आणि कधी, हे गेम उत्तम शिकवतो. तुमचा हात तो सूर कसा काढतोय, हे त्याला दिसत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे गृहीत धरूनच सांगितल्या आहेत.

आधी सामान

रॉकस्मिथची २०१४ आवृत्ती आजही शिकायला सगळ्यात सोयीची वाटते, पण ती २०२३ मध्ये डिजिटल दुकानांतून काढून घेतली गेली. तुमच्याकडे किंवा एखाद्या मित्राकडे ती आधीपासून असेल, तर तीच वापरा. नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी रॉकस्मिथ प्लस आहे. तो २०२२ मध्ये आला आणि वर्गणी भरून वापरावा लागतो. वर्गणी भरण्याआधी तो आपल्या भागात चालतो का आणि आपल्या आवडीची गाणी त्यात आहेत का, हे तपासून घ्या. युझिशियन हे फिनलंडमधलं ॲप याच जातीचं आहे. ते फोनच्या माइकवर चालतं, त्यामुळे घरात फक्त अकूस्टिक गिटार असेल तर ते बरं पडतं. रॉकस्मिथ प्लसलाही फोनचा माइक चालतो. २०१४ आवृत्तीत केबलशिवाय माइकवर खेळता येतं, पण तेव्हा गाण्याचा आवाज हेडफोनमध्येच ठेवा. तो स्पीकरमधून आला की माइकमध्ये शिरतो आणि गेमचा गोंधळ उडतो.

गिटार महागडी नको. पण तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर नवशिक्याची बोटं दोन दिवसांत हार मानतात. म्हणून जुनी गिटार घेतली असेल तर आधी जाणकाराकडून तिचं सेटअप करून घ्या आणि नव्या तारा चढवा. इलेक्ट्रिकला ०.००९ इंचाच्या पहिल्या तारेपासून सुरू होणारा सेट बोटांना हलका जातो.

आवाज उशिरा येतो तो आधी घालवा

बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. तुम्ही पिक (तार छेडायची छोटी चकती) मारता, सिग्नल रिअल टोन केबलमधून, म्हणजे रॉकस्मिथच्या गिटार जोडायच्या केबलमधून, यूएसबीने आत जातो, गेम त्याला ॲम्पचा, म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायरचा, रंग चढवतो आणि मग तो टीव्ही किंवा स्पीकरमधून बाहेर येतो. या प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे मिलीसेकंद जातात. ते साठत गेले की तुम्ही तालात वाजवूनही कानाला मागे पडल्यासारखं वाटतं. हात मग नकळत घाई करू लागतो, आणि ही घाईची सवय नंतर फार चिवटपणे चिकटून राहते.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाणं न लावता सगळ्यात जाड तार जोरात छेडा. पिकचा तारेवरचा टक् आणि स्पीकरमधला सूर एकच ऐकू आला पाहिजे. दोन वेगळे आवाज आले तर बहुतेक वेळा दोष टीव्हीचा असतो. एचडीएमआयने आलेल्या आवाजावर टीव्ही आपली प्रक्रिया करत बसतो. टीव्हीला गेम मोडवर टाका. त्याहून चांगलं म्हणजे टीव्हीचा आवाज बंद करून संगणकाच्या हेडफोन जॅकला साधे वायरवाले हेडफोन किंवा स्पीकर लावा. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात चालत नाहीत. स्पीकर जवळ ठेवा, कारण हवेतून एक मीटर यायला आवाजालाही साधारण तीन मिलीसेकंद लागतात.

विंडोजवर आणखी तीन गोष्टी पाहा. गेमला माइक वापरायची परवानगी दिलेली असावी, केबल हबमध्ये न लावता थेट संगणकात असावी, आणि दुसरा यूएसबी माइक जोडलेला नसावा. २०१४ आवृत्तीच्या फोल्डरमध्ये रॉकस्मिथ डॉट आयएनआय नावाची फाइल असते. तिच्यातला लॅटन्सी (म्हणजे हाच उशीर) बफरचा आकडा एकेकाने कमी करत जा. आवाज फाटायला लागला की एक पायरी मागे या आणि तिथेच थांबा. फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढून ठेवायला विसरू नका.

यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे तुमच्या गिटारचा आवाज गेमला ओळखून देणं. गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब पूर्ण उघडा. गेम सांगेल तेव्हा तारांवर तळवा ठेवून शांत राहा, आणि वाजवायला सांगेल तेव्हा सहाही तारा खरोखर जोरात छेडा. इथे हळुवार छेडलं तर पुढे तुमचे बरोबर सूरही गेमला ऐकू येत नाहीत.

ट्यूनिंग

दर वेळी, बसल्या बसल्या पहिलं काम हेच. जाडकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. ट्यूनर गेममध्येच आहे. काही गाणी अर्धा सूर खाली असतात, काहींत फक्त जाड तार उतरवावी लागते. सुरुवातीला यादी ट्यूनिंगनुसार लावा आणि स्टँडर्ड, म्हणजे वर दिलेल्या, ट्यूनिंगचीच गाणी निवडा, म्हणजे बसण्याचा वेळ खुंट्या पिळण्यात जाणार नाही.

पडदा वाचायचा कसा

सूर दुरून रस्त्यावरून आल्यासारखे तुमच्याकडे येतात. रंगावरून तार कळते: सगळ्यात जाड तार लाल, मग पिवळी, निळी, नारिंगी, हिरवी आणि शेवटची जांभळी. रस्त्यावर कुठे उभा आहे त्यावरून फ्रेट कळतो. तार मोकळी वाजवायची असेल तिथे आडवी लांब पट्टी येते. सूर धरून ठेवायचा असेल तर त्याला शेपूट असते.

नवशिके सहसा एका गोष्टीकडे बघतच नाहीत: रस्त्यावरचा उजळलेला पट्टा. हात नेकवर (गिटारच्या मानेवर) कुठे ठेवायचा ते हा पट्टा दाखवतो. त्याच्या डाव्या कडेच्या फ्रेटवर पहिलं बोट, पुढच्या तीन फ्रेटवर पुढची तीन बोटं. पट्टा सरकला की हात सरकवायचा, तो हलला नाही तर हातही हलवायचा नाही. एवढं पाळलं तर एकाच बोटाने इकडून तिकडे पळापळ करण्याची सवय लागत नाही. तारांचा क्रम उलटासुलटा वाटत असेल तर सेटिंगमध्ये तो फिरवता येतो. दोन्ही करून बघा, एक ठरवा आणि पुन्हा बदलू नका.

पहिला आठवडा गेममधल्या धड्यांना आणि गिटारकेड या त्यातल्याच विभागातल्या छोट्या खेळांना द्या. बदकांवर नेम धरायच्या खेळात न बघता फ्रेट सापडू लागतो. स्ट्रिंग स्किप सलूनमध्ये पिकचा हात तारा ओळखायला शिकतो.

अवघडपणा पूर्ण, वेग कमी

रॉकस्मिथ तुमच्या कुवतीप्रमाणे सूर कमी-जास्त करतो. सुरुवातीला कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छातला) एखादाच सूर दाखवतो आणि जमलं की भर घालतो. उत्साह टिकायला हे छान आहे. पण हाताच्या दृष्टीने यात मोठी अडचण आहे. एका सुरासाठी जे बोट तुम्ही वापरता, ते पूर्ण कॉर्ड आल्यावर भलत्याच जागी असतं. बसलेला हात मोडून पुन्हा बसवावा लागतो.

म्हणून एखादं गाणं दोन-चार वेळा मजेत वाजवून झालं की रिफ रिपीटर ही गेममधली सरावाची सोय उघडा. त्यात गाण्याचा छोटा तुकडा निवडा, अवघडपणा शंभर टक्के करा आणि वेग पन्नास-साठ टक्क्यांवर आणा. तबला शिकणारा कायदा आधी ठाय लयीत बसवतो, बोल मात्र एकही गाळत नाही, तसंच हे.

उदाहरण घेऊ. तुकड्यात ई मायनरवरून ए मायनरवर जायचं आहे. ई मायनरला दुसऱ्या फ्रेटवर पिवळा आणि निळा सूर दिसतो: मधलं बोट ए तारेवर, अनामिका डी तारेवर. ए मायनरला त्याच फ्रेटवर निळा आणि नारिंगी सूर येतो आणि पहिल्या फ्रेटवर एक हिरवा. म्हणजे ती दोन बोटं जोडीनेच जमिनीच्या बाजूला एकेक तार सरकली आणि तर्जनी बी तारेवर पडली. इतकंच. पूर्ण वेगात हे दिसत नाही, कारण तुम्ही रंगांमागे धावत असता. साठ टक्के वेगात हाताला दिसतं की जोडी मोडायची गरजच नाही. बोटं हवेत उंच उचलू नका, तारेला जेमतेम सोडून सरकवा. लागोपाठ तीनदा बिनचूक आलं की वेग थोडा वाढवा, चुकलं की खाली आणा. टक्केवारीचा मोह इथे आवरायला हवा. गाणं पूर्ण वेगात ऐंशी टक्के येण्यापेक्षा त्यातल्या चार मात्रा हळू पण स्वच्छ येणं कितीतरी मोलाचं आहे.

गेमला न दिसणाऱ्या गोष्टी

गेम सुराची उंची ऐकतो. कॉर्डमधली एक तार भुसभुशीत वाजली, शेजारची तार नकोशी घुमत राहिली, पिक सतत खालीच मारली, तरी बऱ्याचदा तो ‘बरोबर’ म्हणतो. हे तुम्हालाच पाहावं लागतं. समोर आरसा ठेवा किंवा फोन टेकवून दोन मिनिटं चित्रण करा आणि लगेच बघा. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे पडतंय का? मनगट फार दुमडलंय का? खांदा कानाकडे चढलाय का? कॉर्ड धरून एकेक तार वेगळी छेडा, सहाही जागा ऐका.

बोटांची टोकं सुरुवातीचे काही आठवडे दुखतात, त्याची काळजी नको. मनगट किंवा कोपर दुखलं तर मात्र त्या क्षणी थांबा आणि पकड सैल करा. बहुतेक वेळा गरजेपेक्षा दुप्पट जोराने तार दाबलेली असते.

यूबीसॉफ्टने या गेमसाठी साठ दिवस, रोज एक तास असं आव्हान लोकांपुढे ठेवलं होतं. नोकरी-शाळा सांभाळून रोज तास निघत नसेल तर अर्धा तास काढा, पण रोज काढा. रविवारी सलग चार तास बसण्याने बोटं फक्त सोलवटतात.

पडदा बंद करून

रोजच्या वेळातली शेवटची दहा मिनिटं टीव्हीशिवाय वाजवा, आणि ही पायरी गाळू नका. पडद्याकडे बघून वाजवणारा हात रंगांना प्रतिसाद देतो, गाण्याला नाही. २०१४ आवृत्तीत मास्टर मोड आहे. गाणं चांगलं येऊ लागलं की त्यात सूर हळूहळू दिसेनासे होतात आणि तुम्हाला आठवणीतून वाजवावं लागतं. तो जरूर वापरा. मग सेशन मोडमध्ये जा. तिथे आभासी वादक तुमच्या वाजवण्याप्रमाणे जोर कमी-जास्त करतात आणि गुण कोणी देत नाही. एकच स्केल (सुरांची ठरलेली मालिका) घ्या, त्यातले चार-पाच सूर घेऊन फिरा, मध्ये जागा सोडा.

आणि आपली गाणी? गेममधली यादी बहुतेक पाश्चात्त्य रॉकची आहे. मराठी भावगीत किंवा कोळीगीत वाजवायचं तर कान आणि उजवा हात स्वतःच तयार करावा लागतो. ई मायनर, ए मायनर, जी, सी आणि डी एवढ्या कॉर्ड हातात बसल्या की फोनवर गाणं लावून कॉर्ड कुठे बदलते ते शोधायला लागा. ठेका सहा मात्रांचा दादरा असेल तर सहा मोजत, केरवा असेल तर आठ मोजत, सम न चुकवता नुसत्या डाव्या हाताने तारा झाकून उजव्याने स्ट्रमिंग करा. ते पक्कं झालं की झाकलेला हात उचलून कॉर्ड धरा. घरात कोणी गाणारं असेल तर त्यांना शेजारी बसवा आणि त्यांच्या पट्टीत कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावा.