कासला जाताना डायल ‘ऑटो’वरून हलवा

लाखभराचा कॅमेरा हिरव्या ऑटोवर ठेवला तरी फोटो येतो, नाही असं नाही. पण कास पठारावर धुकं उतरलं की हा मोड हमखास फसतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे पांढरं धुकं मळकट येतं. त्यात अंगचा फ्लॅश उघडला तर धुक्याचे थेंब पांढरे ठिपके होऊन उमटतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ केलं की काम भागतं, पण बहुतेक कॅमेऱ्यांत ऑटोवर ते बटण चालतच नाही.

म्हणून डायल ‘पी’ म्हणजे प्रोग्रॅम मोडवर आणा. शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) कॅमेराच ठरवतो. फ्लॅश मात्र तुम्ही उघडल्याशिवाय उडत नाही. ऑटो आयएसओची (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) कमाल मर्यादा ३२०० आणि तिथेच शटरचा किमान वेग १/२५० सेकंद द्या, कारण वाऱ्यावर तेरडा सारखा डुलत असतो. उजेड फारच कमी असेल तर आयएसओची मर्यादा ६४०० करा, नाहीतर शटरचा वेग गुपचूप खाली घसरतो. फोकसला एकच पॉइंट निवडा. कॅमेऱ्यावर सोडलं तर पुढचं गवताचं पातं धारदार आणि फूल पुसट.

सगळं हातानं ठरवायच्या मॅन्युअल मोडची घाई नको. जवळून फोटो हवा म्हणून पायवाट सोडू नका, लांब लेन्स लावा; बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा.