नव्या पीसीबीला पहिला सप्लाय देताना

भाग सोल्डर होऊन पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) प्रोटोटाइप आला की अ‍ॅडॉप्टर लावून एलईडी पेटतो का ते बघण्याचा मोह होतो. तो आवरा. शॉर्ट असला तर अ‍ॅडॉप्टर दोन-तीन अँपिअर ओतत राहतो आणि चूक कुठे होती हे सांगणारा भागच जळून जातो. पुढचा क्रम १२ व्होल्ट इनपुट, बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग रेग्युलेटरने) ५ व्होल्ट, एलडीओने (साध्या लिनिअर रेग्युलेटरने) ३.३ व्होल्ट आणि त्यावर एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर अशा बोर्डासाठी आहे.

आधी १० पट भिंगाखाली बोर्ड पाहा: आयसीची पहिली पिन, डायोडची कॅथोड बाजू, पिनांमधले सोल्डरचे पूल. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर होणाऱ्या) टँटलम कपॅसिटरवरची पट्टी प्लस दाखवते, अ‍ॅल्युमिनिअम इलेक्ट्रोलिटिकवरची मायनस. इथे हमखास घोटाळा होतो, आणि उलटा बसलेला टँटलम पेटही घेऊ शकतो.

मग सप्लाय न देता प्रत्येक रेल (ठरावीक व्होल्टेजची सप्लाय लाइन) आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा. नुसत्या बीपवर विसंबू नका, कारण बरेच मीटर ३० ओहमलाही बीप देतात. आकडा हळूहळू चढत असेल तर कपॅसिटर चार्ज होत आहेत, काळजी नाही. ३.३ व्होल्टची रेल एक-दोन ओहमवर थांबली तर शॉर्ट धरून चला. मोठ्या एफपीजीएच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या लॉजिक चिपच्या) कोअर रेलवर मात्र एवढा कमी आकडाही बरोबर असू शकतो.

आता बेंच सप्लाय, म्हणजे व्होल्टेज आणि करंट लिमिट ठरवता येणारा सप्लाय. व्होल्टेज १२ वर ठेवा, आउटपुटची टोके एकमेकांना जोडून करंट लिमिट १०० मिलीअँपवर आणा, मग बोर्ड जोडा. इथे एक फसगत होते. बकला ठरावीक पॉवर लागते, म्हणून इनपुट व्होल्टेज खाली आले की तो जास्त करंट ओढतो. लिमिट फार घट्ट असेल तर सप्लायचे व्होल्टेज कोसळते, बक बंद पडतो, पुन्हा सुरू होतो आणि ५ व्होल्टचा आकडा हेलकावे खातो. हा बोर्डाचा दोष नसेलही. लिमिट ३०० मिलीअँप करून पाहा. तरीही सप्लाय लिमिटलाच अडकून राहिला तर लगेच बंद करा.

रेल एकेक करून उठवता याव्यात म्हणून डिझाइनमध्येच प्रत्येक रेग्युलेटरच्या आउटपुटला शून्य ओहमचा रेझिस्टर ठेवावा. पण बकचा फीडबॅक (आउटपुट किती आहे हे त्याला सांगणारी लाइन) त्या रेझिस्टरच्या आधी, रेग्युलेटरच्या बाजूने घ्या. लोडच्या बाजूने घेतला आणि रेझिस्टर काढलेला असला, तर बकला आउटपुट दिसतच नाही. तो ते जवळजवळ १२ व्होल्टपर्यंत चढवतो. एलडीओ १११७ असेल तर त्याचा टॅब (धातूचा रुंद पाय) आउटपुटला असतो, ग्राउंडला नाही. ज्याचा टॅब ग्राउंडला असतो त्या ७८०५ रेग्युलेटरची सवय असलेल्यांच्या लेआउटमध्ये ही चूक वारंवार दिसते.

शॉर्ट सापडत नसेल तर त्या रेलवर बेंच सप्लायमधून १ व्होल्ट, १ अँपिअर लिमिट द्या आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर लावा. जिथे ते सर्वांत आधी उडून जाते तिथे बघा. बोर्डाच्या तोडलेल्या कडेजवळचे सिरॅमिक कपॅसिटर आधी तपासा. एकत्र बनवलेल्या बोर्डांचे पॅनल तोडताना बोर्ड वाकतो आणि ते आतून तडकतात.

रेल ±५ टक्क्यांत आल्या, म्हणजे ३.३ ची रेल ३.१४ ते ३.४६ मध्ये, की स्कोपवर रिपल (व्होल्टेजमधले बारीक चढउतार) बघा. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावा आणि २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लिमिट चालू करा. नाहीतर वायरचा लूपच अँटेना होतो आणि नसलेला नॉइज दिसतो.

यानंतर प्रोग्रॅमर जोडा. चिपचा आयडी वाचला जात नसेल तर एनरेस्ट (रीसेट) पिनवर ३.३ व्होल्ट आहे का ते मोजा आणि प्रोग्रॅमरचा ‘कनेक्ट अंडर रीसेट’ (चिप रीसेटमध्ये धरून जोडणारा) पर्याय वापरा. आयडी मिळतो पण प्रोग्रॅम सुरू होत नाही, असे झाले तर चिप कुठून सुरू होते ते ठरवणारी बूट-० पिन बघा: ती १० किलोओहमने ग्राउंडला हवी. क्रिस्टलवर थेट प्रोब टेकवू नका. प्रोबच्या १० ते १५ पिकोफॅरडने ऑसिलेशन थांबू शकते. क्लॉक एमसीओ (क्लॉक बाहेर देणाऱ्या) पिनवर काढून मोजा.

अ‍ॅडॉप्टर सगळ्यात शेवटी, आणि तोही स्कोपवर इनपुट बघत. इनपुटला नुसते सिरॅमिक कपॅसिटर असतील तर चालू अ‍ॅडॉप्टरची पिन खोचताना केबलच्या इंडक्टन्समुळे १२ व्होल्टचे क्षणभर २४ च्या आसपास होऊ शकतात. बकची मर्यादा १८ व्होल्ट असेल तर तो तिथेच मरतो. इनपुटला १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक समांतर लावा. त्याच्या अंगच्या रेझिस्टन्सने ही उसळी दबते.