पाचक चाटण: पाजू नका, चाटवा

जनावर रवंथ सोडून उभं राहिलं की गोठ्यात जमलेले चौघे चार औषधं सांगतात. त्यातलं एकही देण्याआधी डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि मांडी यांच्या मधल्या खळग्यात, मूठ दाबून धरा. निरोगी कोटीपोट, म्हणजे चारा साठून कुजतो ते पहिलं मोठं पोट, दोन मिनिटांत दोन-तीनदा तरी मुठीला ढकलतं. भकाळी नगाऱ्यासारखी ताणलेली असेल, किंवा जनावरानं ज्वारीच्या राशीत तोंड घातलं असेल, तर चाटणाच्या नादाला लागू नका, डॉक्टरांना बोलवा. धान्यानं पोटात आम्ल वाढतं. त्यावर गूळ देणं म्हणजे त्यात भरच.

कडब्यावरून एकदम उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, नेलं किंवा सरकी पेंड वाढवली आणि खाणं मंदावलं, एवढंच असेल तर चाटण करा. मोठ्या जनावराला एका वेळी ओवा, सुंठ, बडीशेप, काळं मीठ प्रत्येकी २० ग्रॅम, हिंग ५ ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम. कुटून गोळा वळा. शेळीला याचा दहावा भाग. गाभण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरं काम पुढंच आहे. आमच्याकडं अजूनही मान वर ओढून, जीभ धरून बाटली नाहीतर बांबूचं नळकांडं घशात रिकामं करतात. मीही करायचो. एका पंढरपुरी म्हशीला असंच पाजताना ठसका लागला. मी उरलेलंही ओतलं, वाया कशाला घालवायचं म्हणून! तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत होती. औषध फुफ्फुसात गेलं होतं. अपचनाची म्हैस न्यूमोनियानं गेली. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही, एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आता पातळ काही पाजत नाही. डोकं सरळ ठेवा, नाक डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका. बाजूला, खांद्यापाशी उभं राहा. पंढरपुरीची लांब शिंगं मागं येतात, तिनं मान झटकली की बरगडीत बसतात. ओठांच्या कोपऱ्यात, दात नसलेल्या जागेतून अंगठा घाला, तोंड आपोआप उघडतं. लिंबाएवढं चाटण जिभेवर फासा आणि हात काढा. चघळू द्या, गिळू द्या, मगच पुढचं. दहा मिनिटं जातात. जाऊ द्यात. खोकली तर थांबा.

दिवसातून दोनदा, फार तर तीन दिवस. ‘रोज दिलं तर दूध वाढतं’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ओव्यातलं थायमॉल जंतू मारतं आणि कोटीपोटात चारा पचवतात ते जंतूच. दुसऱ्या दिवशीही रवंथ सुरू झाली नाही, शेण थांबलं किंवा ताप आला, तर डॉक्टर.

नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, कडबा एकदम तोडू नका. आणि चाटण धार काढून झाल्यावरच द्या, नाहीतर हिंगाचा वास दुधाला लागतो.