आमरीच्या मुळातली बुरशी: धुऱ्यावरच्या आंब्यापासून डीएनएच्या अक्षरांपर्यंत

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत एका तालुक्याच्या गावी मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळा लागला की एम.एस्सी.ची दोन-तीन पोरं 'आमरीची (ऑर्किडची) सहजीवी बुरशी' असा प्रकल्प घेतात आणि दिवाळीच्या आसपास डीएनएचा अहवाल घेऊन येतात. त्यात नाव असतं ट्रायकोडर्मा, नाहीतर ॲस्परजिलस, म्हणजे कुठेही उगवणाऱ्या साध्या बुरशा; आमरीच्या सहजीवी नव्हेत. अहवाल खोटा नसतो. यंत्राच्या पुढ्यात जी बुरशी ठेवली, तिचंच नाव ते सांगतं. घोटाळा त्याच्या कितीतरी आधी, मूळ तोडताना आणि बुरशी वाढवायची बशी (पेट्री डिश) भरताना झालेला असतो. म्हणून खाली डीएनएपेक्षा मुळाच्या तुकड्याबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

आधी आपण काय शोधतोय ते पक्कं करू. आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात भ्रूणपोष नाही, शिदोरीच नाही म्हणा. रानात ते रुजायचं तर योग्य बुरशी आत शिरावी लागते. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी हे १८९९ मध्ये ओळखलं; पुढे १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमात बुरशीशिवायही बी रुजवून दाखवलं. प्रयोगशाळेत साखर चालते, आंब्याच्या सालीवर मात्र बुरशीच लागते. ही बुरशी बहुतेक वेळा तीन घराण्यांतली असते: टुलास्नेला, सेराटोबॅसिडियम आणि सेरेंडिपिटा. तिघींनाही ढोबळमानाने 'रायझोक्टोनियासारख्या' म्हणतात.

आमच्याकडे सहज सापडणारी आमरी म्हणजे वांडा टेसेलाटा. धुऱ्यावरच्या जुन्या आंब्यावर, मोहावर ती असते. जंगलातून काही आणायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी, पिशवी नंतर. साऱ्याच आमरी जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे, तेव्हा कागद जवळ असलेला बरा. मी मुलांना वावरातलीच झाडं घ्यायला लावते आणि शेतमालकाला विचारायला लावते. तिथे वेगळीच अडचण येते. बहुतेकांना ते बांडगूळ वाटतं. "पुरंच नेऊन टाका मॅडम, झाडाले खाते ते," असं म्हणत माणूस विळा घेऊनच येतो. त्याला थांबवा. आमरी झाडाचा रस पीत नाही, सालीवर नुसती बसलेली असते, हे तिथेच समजावून सांगा. आपल्याला बोटभर लांबीचे दोन-तीन तुकडे पुरतात.

तुकडे कुठले, यावर सगळं अवलंबून आहे. हवेत लोंबणारी जाड, पांढरी मुळं दिसायला छान असतात, पण त्यांत बुरशी बहुधा नसते किंवा फार थोडी असते. सालीला घट्ट चिकटलेलं, चपटं झालेलं मूळ घ्या, आणि चिकटलेली बाजू कोणती ते लक्षात ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरात, मुळाचं टोक हिरवं आणि वाढतं असताना जा. तुकडे ओलसर कागदात गुंडाळून थंड डब्यात ठेवा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीपर्यंत कापा. मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारभर शिजलेल्या मुळातून फक्त कचरा उगवतो.

प्रयोगशाळेत आल्यावर तुकडा नळाखाली नीट धुवा. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक ते दोन मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्यात तीनदा. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर एक भाग द्रावण आणि तीन भाग पाणी. इथपर्यंत सगळेच करतात. पण त्यानंतर तुकडा तसाच माध्यमावर ठेवून देतात, आणि मी अडते ती इथे. वांडाच्या मुळावर व्हेलामेनचं स्पंजासारखं आवरण असतं. त्याच्या पोकळ पेशींत धूळ, बीजाणू, जिवाणू दडून बसतात आणि ब्लीच तिथवर नीट पोचत नाही. निर्जंतुक पात्याने हे आवरण सोलून काढा. आतल्या भागाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशीत सुताच्या गुंडीसारखी गुंडाळलेली बुरशी दिसेल. तिला पेलोटॉन म्हणतात.

काही पेलोटॉन घट्ट, तपकिरी गोळे झालेले असतात. ते झाडाने पचवत आणलेले, त्यांना सोडा. सैल, फिकट, धागे वेगवेगळे दिसणारे निवडा. निर्जंतुक पाण्याच्या थेंबात पेशी सुईने हलकेच फोडा, पेलोटॉन बाहेर येतात. बारीक ओढलेल्या काचनळीने एकेक उचला, चार-पाच स्वच्छ थेंबांतून फिरवा आणि एका बशीत मोजकेच ठेवा. हाताला वळण पडेपर्यंत वैताग येतो. पण एकाच पेलोटॉनमधून उगवलेली बुरशी पेशीच्या आतली होती, एवढं तरी छातीठोकपणे सांगता येतं. मुळाचा अख्खा तुकडा ठेवला तर ते सांगता येत नाही.

माध्यमाचं एक सांगते, कारण इथे जनुकशास्त्र थेट कपाटातल्या बाटलीपर्यंत येतं. बऱ्याच महाविद्यालयांत झापेक माध्यमाची पावडर पडून असते आणि 'बुरशीचंच आहे ना' म्हणून वापरली जाते. त्यात नायट्रोजन येतो तो सोडियम नायट्रेटमधून. टुलास्नेला कॅलोस्पोरा या जातीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, वाचला गेला, तेव्हा नायट्रेट आत घेऊन वापरायची जनुकंच त्यात सापडली नाहीत. अमोनियम आणि अमिनो आम्लांसाठीची आहेत. म्हणजे झापेकवर आपण तिला उपाशी ठेवतो, आणि नायट्रेट वापरणारी सेराटोबॅसिडियम वाढली की 'या झाडात एकच बुरशी आहे' असं लिहून मोकळे होतो. साधं पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार) करा: २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगार, एक लिटर पाणी. पहिल्या बशांसाठी ते पातळ करून, थंड होताना जिवाणू रोखणारं स्ट्रेप्टोमायसिन घालून वापरा. याच जीनोमात सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांची जनुकं मात्र भरपूर आहेत. सागाच्या मुळांवरच्या किंवा पाइनच्या मुळांवरच्या बुरशीपेक्षा ही बाई सालपाचोळ्यावर स्वतःचं पोट जास्त सहज भरू शकते, म्हणूनच ती बशीत वाढवता येते.

बशा २५ ते २८ अंशांत, अंधारात ठेवा. वीज जाणारच, तेव्हा थर्माकोलचं खोकं आणि गार पाण्याच्या बाटल्या तयार असू द्या. पहिले तीन-चार दिवस रोज बघा. पेलोटॉनमधून निघालेला धागा दिसला की त्याचं टोक लगेच नव्या बशीत हलवा. जी बशी भराभर भरून हिरवी होते ती ट्रायकोडर्मा, ती फेका. टुलास्नेला सावकाश वाढते. घाई करणाऱ्याला ती भेटत नाही.

डीएनएवर पैसे घालवण्याआधी सूक्ष्मदर्शकाने चाळणी लावा. बुरशीच्या धाग्याची फांदी जवळपास काटकोनात फुटलेली, फुटते तिथे किंचित आवळलेली, जवळच धाग्यात आडपडदा, आणि अलैंगिक बीजाणू नाहीत: असं असेल तर पुढे जा. सॅफ्रानिन ओ आणि ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून पेशीतली केंद्रकं मोजा. टुलास्नेला आणि सेराटोबॅसिडियममध्ये दोन-दोन दिसतात. खूप दिसली तर सावध व्हा. धानाच्या बांधीत पर्णकोष करपा आणणारी रायझोक्टोनिया सोलानी बहुकेंद्रकी आहे, आणि ती सेराटोबॅसिडियमची जवळची नातलग. आमच्या गावात आंब्याला लागूनच बांधी असते.

डीएनए काढायला सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धत पुरते. ६५ अंशांवर अर्धा तास, मग क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोल २४:१, आयसोप्रोपॅनॉल, शेवटी ७० टक्के अल्कोहोलने धुणं. थंडीत सीटॅबच्या बाटलीत पांढरा साका बसतो. द्रावण खराब झालेलं नसतं. कोमट पाण्यात ठेवून विरघळवा.

आता आयटीएस. रायबोसोमच्या १८एस, ५.८एस आणि २८एस जनुकांमधले हे दोन तुकडे बुरशीच्या ओळखीसाठी २०१२ पासून प्रमाण बारकोड मानले जातात. त्यांच्या भरपूर प्रती पीसीआरने काढतात; त्यासाठी डीएनएला चिकटून सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, लागतात. १९९० पासून वापरात असलेली आयटीएस-१ आणि आयटीएस-४ ही प्रायमरची जोडी सगळ्यांकडे असते, आणि टुलास्नेलाची गाठ पडली की तीच दगा देते. या घराण्यात रायबोसोमचा डीएनए झपाट्याने बदलत गेला आहे, त्यामुळे प्रायमर जिथे चिकटायचा तिथली अक्षरंच जुळत नाहीत. जेलवर पट्टी येत नाही आणि मुलं लिहितात 'डीएनए निकृष्ट'. आधी डीएनए दहापट पातळ करून बघा. तरी नाही आली तर आयटीएस-४ टुल किंवा आमरीच्या बुरशांसाठी बनवलेली आयटीएस-१ ओएफ आणि आयटीएस-४ ओएफ ही जोडी मागवा. प्रायमर काही शेकड्यांत येतो. त्यासाठी वर्ष वाया घालवू नका. प्रत्येक वेळी डीएनएविना एक नळी लावायचीच, तिच्यात पट्टी दिसली तर सगळं पुन्हा.

सँगर वाचन, म्हणजे तुकड्यातली डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं, दोन्ही टोकांकडून करवून घ्या आणि नुसती अक्षरं न मागता आलेखाची फाइल मागा. सुरुवातीला शिखरं स्वच्छ, आणि एका जागेपासून पुढे सगळीकडे दुहेरी, असं दिसलं तर लगेच भेसळ म्हणू नका. पेशीत दोन केंद्रकं आहेत, आयटीएसच्या प्रतीही अनेक. एका प्रतीत एखादं अक्षर कमी-जास्त असलं की तिथून पुढचं वाचन एकमेकांवर चढतं. दुसऱ्या टोकाचं वाचन त्या जागेपर्यंत जोडून घ्या, नाहीतर क्लोनिंग करून एकेक प्रत वेगळी वाचा.

मिळालेला क्रम साठवलेल्या क्रमांशी ताडणाऱ्या ब्लास्ट या साधनात पहिल्या ओळीवर भुलू नका. जुळणी किती टक्के हे बघण्याआधी तुमच्या क्रमाचा किती भाग जुळला ते बघा. 'असंवर्धित बुरशी' अशा नोंदी वगळा, युनाइट या बुरशीच्या क्रमांच्या संग्रहातही ताडून पाहा. ९७ टक्के जुळलं की एकच जात, ही रेघ सोयीसाठी आहे, टुलास्नेलासारख्या घराण्यात तिच्यावर जातीचं नाव ठरवू नये. खात्री नसेल तर 'टुलास्नेला, जात अनिश्चित' एवढंच लिहा. परीक्षक नाक मुरडतील, मुरडू द्या.

नाव मिळालं म्हणजे सहजीवन सिद्ध झालं असंही नाही. लिटरला २.५ ग्रॅम ओट्सची पूड आणि अगार एवढ्याच माध्यमावर धुतलेलं बी पेरा, मधे बुरशीचा छोटा तुकडा ठेवा, अंधारात ठेवा. तशीच एक बशी बुरशीविना. फरक त्या दोन बशांत दिसला पाहिजे.

चांगली निघालेली बुरशी पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करता येते. बशीवर गाव, झाड, मुळाची चिकटलेली बाजू आणि तारीख झाकणावर न लिहिता बुडाला लिहा; झाकणं अदलाबदल होतात.