'लिस्ट आर अटॅच्ड' आणि इतर: इंग्रजीत समूहवाचक शब्द लिहिताना या चुका टाळा

ऑफिसच्या ईमेलमध्ये हे वाक्य हमखास दिसते: 'अ लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स आर अटॅच्ड.' क्रियापदाला खेटून 'डॉक्युमेंट्स' असते, म्हणून हात आपोआप 'आर' टाइप करतो. पण जोडली आहे ती यादी, आणि ती एकच. तिथे 'इज' हवे. मराठीत आपण 'फुलांचा गुच्छ सुकली' म्हणत नाही, 'सुकला' म्हणतो. इंग्रजीतही तसेच करा: 'ऑफ'पासूनचा भाग बोटाने झाका आणि उरलेले वाक्य वाचा.

ही युक्ती 'नंबर'पाशी फसते. 'अ नंबर ऑफ कम्प्लेंट्स हॅव कम इन' हे बरोबर, कारण 'अ नंबर ऑफ' म्हणजे इथे नुसते 'बऱ्याच'. 'अ'च्या जागी 'द' आला की बोलणे आकड्याबद्दल होते आणि क्रियापद एकवचनी: 'द नंबर ऑफ कम्प्लेंट्स हॅज गॉन अप.' 'अ लॉट ऑफ' तर सरळ पुढच्या नामाकडे बघते. 'टाइम' असेल तर 'इज', 'पीपल' असेल तर 'आर'.

टीम, कमिटी, फॅमिली यांच्यावरून उगाच वाद होतात. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत दोन्ही वचने चालतात; म्हणूनच क्रिकेटच्या बातमीत 'इंडिया हॅव वन द टॉस' असते. अमेरिकन लेखनात बहुधा एकवचन. कोणतेही घ्या, पण एका मजकुरात एकच ठेवा. 'द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट' असे औपचारिक पत्रात खटकते. 'हॅज'सोबत 'इट्स' लिहा. समितीतच दोन तट पडले असतील, तर 'द मेंबर्स ऑफ द कमिटी' लिहून मोकळे व्हावे.

'पोलीस' आणि 'कॅटल' नेहमी अनेकवचनी: 'द पोलीस हॅव अरेस्टेड'. उलट 'फर्निचर', 'इक्विपमेंट' यांना शेवटी 'एस' लावू नका. 'टेन स्टाफ्स' तर नकोच, 'टेन स्टाफ मेंबर्स' लिहा.

राहता राहिली शाळेत घोकलेली प्राण्यांच्या कळपांची नावे. 1486 साली इंग्लंडात छापलेल्या शिकारीवरच्या एका पुस्तकात त्यांची लांबलचक यादी आहे. कावळ्यांच्या थव्याला तर इंग्रजीत 'मर्डर' म्हणतात. गंमत म्हणून छान, पण अहवालात 'फ्लॉक' पुरेसे.