ग्रंथालयात स्क्रीन रीडर आहे, तरी अंध वाचक फिरकत नाही? या चुका टाळा

कॉलेजच्या ग्रंथालयात हल्ली ‘दिव्यांग कक्ष’ असतोच. एक संगणक, त्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, एक हेडफोन, दारावर पाटी. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की धूळ झटकली जाते. एरवी वाचक एकदा येतो, परत येत नाही, आणि ‘सोय केली, पण मागणीच नाही’ असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा वाचक मजकुरापाशी अडलेला असतो, यंत्रापाशी नाही.

‘स्कॅन केलं, आता झालं’

पानांची नुसती पीडीएफ बनवली की डोळसाला पुस्तक दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र चित्र मिळतं. तपासायला एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळ निवडताच येत नसेल, तर ते चित्र. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटला, तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टात आहे. मराठीच उमटली, पण वेलांट्या आणि रफार भलतीकडे गेले, तर पीडीएफ बनतानाच मजकूर बिघडला आहे.

तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. चित्राला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, लागतं: स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके), पान सरळ, मधल्या घडीची सावली नको, आणि टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये भाषा मराठी निवडलेली. टेसरॅक्ट जमत नसेल तर फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा, तिथेही मजकूर निघतो. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या संकेतात बदलणारा कन्व्हर्टर पुरतो, फक्त फॉन्ट नेमका ओळखायला हवा. तिसऱ्या प्रकारात एकेक वेलांटी दुरुस्त करत बसू नका. मूळ वर्ड फाइल मागा, नाहीच मिळाली तर पीडीएफलाच चित्र समजून ओसीआर करा. नंतर एकदा माणसाने वाचणं मात्र आलंच. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात सनावळी चुकली तर ऐकणाऱ्याला ते कळायचा मार्ग नसतो.

‘प्रकाशक काय म्हणतील?’

या भीतीपोटी कितीतरी ग्रंथपाल स्कॅनरला हातच लावत नाहीत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, दिव्यांग वाचकासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा स्वरूपात आणायला परवानगी लागत नाही. सरकारमान्य ग्रंथालयं आणि शैक्षणिक संस्था यात येतात. नफा घ्यायचा नाही, आणि प्रत दिव्यांग वाचकांपुरतीच ठेवायची. ती सगळ्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली, तर ही सवलत लागू होत नाही. स्कॅन करण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन संग्रहात पुस्तक आहे का, तेही पाहा. कोणी तरी आधीच केलेलं काम परत कशाला?

‘एनव्हीडीए मराठी वाचत नाही’

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मराठी वाचतो, आणि फुकटही आहे. बहुतेकदा आवाज इंग्रजीवर राहिलेला असतो. इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबा, ईस्पीक या आवाज देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी आवाज निवडा, वेग कमी करा. उच्चार यंत्री वाटतो, पण सराव झालेले वाचक तोच आवाज आपल्याला समजणार नाही इतक्या वेगाने ऐकतात. संगणक सुरू झाल्यावर एनव्हीडीए चालू करून द्यायला कर्मचारी शोधावा लागत असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन हा शॉर्टकट वाचकाला सांगून ठेवा.

इमारत आणि माणसं

रॅम्प असतो, पण घसरगुंडीसारखा. एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी हवी. रॅम्प चढून आलेल्याला संदर्भ विभाग वरच्या मजल्यावर आणि लिफ्टची किल्ली शिपायाकडे, हेही नेहमीचंच. विभाग हलवता येत नसेल तर पुस्तक खाली आणून द्यायची पद्धत ठरवा आणि ती पाटीवर लिहा. कर्णबधिर वाचकाच्या तर सूचना फक्त माइकवरून दिल्याने हुकतात.

देवघेवीच्या टेबलावर आणखी एक खोड दिसते. वाचक समोर उभा असताना प्रश्न सोबतच्या माणसाला: ‘यांना कोणतं पुस्तक हवंय?’ त्यांनाच विचारा.

ऑनलाइन सूची

माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब व एंटर वापरून एखादं पुस्तक शोधून आरक्षित करा. जिथे अडकाल, तिथेच अंध वाचकही अडकतो. लॉगिनला चित्रातला कॅप्चा असेल तर तो आधी काढायला सांगा. मग एका अंध सभासदाला बोलावून तेच काम करायला द्या, आणि मध्ये मदत करू नका.