नवख्याला कथाप्रधान गेम सुचवताना या चुका टाळा

कादंबऱ्या वाचणारी, मालिका मन लावून बघणारी, पण गेमच्या वाटेला कधीच न गेलेली एखादी व्यक्ती विचारते, 'गोष्टीसाठी खेळावा असा एखादा गेम सांग ना.' उत्तर ठरलेलं असतं: द विचर ३, रेड डेड रिडेम्प्शन २, नाहीतर डिस्को एलिझियम. तिन्ही गेम थोर आहेत आणि पहिला गेम म्हणून तिन्ही चुकीचे आहेत. दीड तासात लॅपटॉप मिटला जातो, 'हे आपलं काम नाही' असं ठरतं आणि तो माणूस पुन्हा इकडे फिरकत नाही. यात त्याचं काही चुकलेलं नसतं. चूक सुचवणाऱ्याची असते, आणि ती थोड्याफार फरकाने दर वेळी तीच असते.

आपला सगळ्यात लाडका गेम हातात देणं

वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला एक गोष्ट दिसेनाशी झालेली असते. डाव्या हाताने डब्ल्यू, ए, एस, डी या चार कीज दाबून चालायचं आणि त्याच वेळी उजव्या हाताने माऊस फिरवून नजर वळवायची, हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. ते गोष्ट समजण्याशी किंवा हुशारीशी बांधलेलं नाही. नवखा माणूस आधी चालतो, थांबतो, मग माऊस फिरवतो, मग पुन्हा चालतो. त्याची नजर निम्मा वेळ आभाळाकडे नाहीतर जमिनीकडे असते. दाराच्या चौकटीतून बाहेर पडायलाही त्याला दोन-तीनदा प्रयत्न करावे लागतात.

अशा हातांत विचर ३ (२०१५) दिला की काय होतं ते सावकाश पाहा. गेम सुरू होताच केअर मॉर्हेनच्या किल्ल्यात वेसेमीर तलवारीचे धडे देऊ लागतो. हलका वार डाव्या क्लिकने. जोरदार वार करायचा तर सोबत शिफ्ट. वार अडवायचा उजव्या क्लिकने, चुकवायचा ऑल्टने, लोळण घ्यायची स्पेसने. क्यू दाबला की जादूचं चिन्ह, आणि अशी चिन्हं पाच. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. नवखा माणूस स्क्रीनवरच्या सूचना वाचण्यासाठी मान खाली घालून कीबोर्डवर ऑल्ट शोधतो, तोवर सूचना निघून गेलेली असते. थोड्याच वेळात घूल नावाचे प्राणी अंगावर येतात. ते परतवले की व्हाइट ऑर्चर्ड गाव, तिथल्या खानावळीत ग्वेंट हा पत्त्यांचा अख्खा वेगळा खेळ, बाहेर घोडा, नकाशाभर प्रश्नचिन्हं. ज्या गोष्टीसाठी गेम सुचवला, ती सिरी या मुलीच्या शोधाची गोष्ट अजून नीट सुरूसुद्धा झालेली नसते.

इथे सुचवणारा एक सोपा उपाय सांगतो: 'डिफिकल्टी सगळ्यात खाली ठेव, फक्त गोष्टीवाली.' हा शॉर्टकट लोकांना फार आवडतो आणि तो फसवा आहे. त्या पर्यायाने शत्रूचा मार कमी लागतो, एवढंच. कीज तेवढ्याच राहतात, कॅमेरा तसाच फिरवावा लागतो, मेन्यू तेवढेच राहतात. माणूस मरत नाही, पण गोंधळलेलाच राहतो. मुख्य कथा सरळ खेळली तरी पन्नासेक तासांची आहे. इतका वेळ गोंधळात कोण काढेल?

त्यामुळे आधी हातांचा विचार करावा, चवीचा नंतर. मी हा क्रम सोडत नाही:

ज्याला माऊसची सवय फक्त ऑफिसच्या कामापुरती आहे, त्याला हर स्टोरी (२०१५). यात चालणंच नाही. पोलिसांच्या जुन्या संगणकावर एका बाईच्या १९९४ सालच्या जबान्यांचे तुकडे साठवलेले आहेत. शोधाच्या चौकटीत शब्द टाइप करायचा, तिने तो शब्द उच्चारलेले तुकडे समोर येतात. पहिला शब्द 'मर्डर' आधीच टाइप केलेला असतो. तुकडे कितीही सापडले तरी पहिले पाचच बघता येतात, म्हणून अधिक नेमका शब्द शोधावा लागतो. रहस्यकथा वाचणारा माणूस वही घेऊन बसतो आणि त्याला गेम शिकवावा लागत नाही.

घरगुती, हळवी गोष्ट हवी असेल तर वेन्बा (२०२३). १९८०च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची डाग पडून पुसट झालेली पाककृतींची वही आणि अर्धवट वाचता येणाऱ्या कृती. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्रातले साचे कसे रचले म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, हे ओळखायचं असतं. ज्याच्या घरात इडलीपात्र आहे त्याला कोडं समजावून सांगावं लागत नाही. साराच खेळ माऊसवर होतो, आणि दीडेक तासात गोष्ट पूर्ण.

चालायला शिकवायचं असेल तर फायरवॉच (२०१६). १९८९चा उन्हाळा, वायोमिंगचं जंगल, वणव्यावर नजर ठेवणारा हेन्री आणि वॉकी-टॉकीवर बोलणारी डिलायला. सुरुवातीला पडद्यावर नुसता मजकूर येतो, पर्याय निवडायचे, मध्येच थोडं चालायचं, पुन्हा मजकूर. वाचकाला आपण कादंबरीतच आहोत असं वाटतं आणि तेवढ्यात हात चालायला शिकतात. मारामारी नाही. नकाशा आणि होकायंत्र हातात धरून वाट शोधायची, चुकलं तर फार तर थोडं मागे यावं लागतं. साधारण चार तासांचा ऐवज आहे.

यानंतर लाइफ इज स्ट्रेंज, मग मनात येईल ते. विचर ३ पाचवा-सहावा गेम म्हणून द्या. तेव्हा तो खरोखर आवडतो.

संवादांवरचं घड्याळ विसरणं

'निर्णय घ्यायचे असतात, बाकी काही नाही,' असं म्हणून टेलटेल कंपनीचा द वॉकिंग डेड (२०१२) सर्रास सुचवला जातो. कथा जबरदस्त आहे, कीजही कमी आहेत. पण पहिल्याच प्रसंगात नायक ली पोलिसांच्या गाडीत मागे बसलेला असतो, पुढून पोलीस बोलत असतो आणि उत्तराचे पर्याय दिसू लागताच खालची पट्टी आक्रसू लागते. ती संपली की गेम गप्प राहणं हेच उत्तर धरतो, आणि समोरचं पात्र ते लक्षात ठेवतं.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्यालाही तीन-चार पर्याय वाचणं, बोलणाऱ्याचे अमेरिकन उच्चार ऐकणं आणि ठरवणं हे सगळं काही सेकंदांत जमेलच असं नाही. मराठी माध्यमातल्या, निवांत इंग्रजी वाचणाऱ्या माणसावर तर हा सरळ अन्याय आहे. त्याला गोष्ट नीट कळत असते, फक्त वेळ पुरत नाही. सात-आठ संवाद असे निसटले की त्याला वाटतं आपलं इंग्रजी कच्चं आहे. हे वाटणं गेम सोडून देण्यापेक्षा वाईट, कारण तो ते कुणाला बोलून दाखवत नाही.

अशा माणसाला लाइफ इज स्ट्रेंज (२०१५) द्या. नायिका मॅक्सला काळ मागे नेता येतो, त्यामुळे संवाद कळला नाही किंवा उत्तर चुकलं असं वाटलं तर तो प्रसंग पुन्हा घडवता येतो. ज्याला चुकण्याची भीती आहे त्याच्यासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. पाच भाग आहेत, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पहिला भाग फुकट मिळतो. दुसऱ्या भागात एका ठिकाणी काळ मागे नेण्याची सोय बंद पडते. ती जागा आधी सांगू नका.

डिस्को एलिझियमचं (२०१९) उलट आहे. घड्याळ नाही, माऊस पुरतो, हातांना अवघड काहीच नाही. पण मजकूर दहा लाख शब्दांच्या घरातला आणि इंग्रजी चांगलंच वळणदार. शिवाय खेळाला सुरुवात होण्याआधीच गुण वाटून घ्यायला लागतात, आणि शरीर कमकुवत ठेवलं तर पहिल्याच खोलीत पंख्याला अडकलेला टाय ओढताना हृदय बंद पडून गेम संपू शकतो. इंग्रजी कादंबऱ्या सहज वाचणाऱ्यालाच सुचवा, आणि त्यालाही २०२१ची फायनल कट आवृत्ती, कारण त्यात सगळे संवाद ऐकता येतात.

कुठलाही गेम असो, सबटायटल्स चालू करून आणि अक्षर मोठं करूनच खुर्ची त्याच्या हवाली करा.

टचपॅडवर खेळायला लावणं

हे करूच नका. साधा वायरवाला माऊस पुरतो. माऊसची संवेदनशीलता निम्म्यावर आणा आणि पहिली दहा मिनिटं काहीही साध्य न करता नुसतं हिंडू द्या.

गरगरणं म्हणजे नवखेपणा समजणं

पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये काहींना मळमळतं, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही. सेटिंग्जमध्ये मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) आणि चालताना डोकं डुलण्याचा पर्याय बंद करा, फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) ९०च्या आसपास वाढवा, खोलीत दिवा लावा, खुर्ची मागे घ्या. तरी त्रास झाला तर लगेच थांबा. 'होईल सवय' म्हणून ताणलं की पुढच्या वेळी नुसता गेम सुरू करतानाही पोटात ढवळतं. पात्र पाठीमागून दिसणारे गेम अशांना सहसा बरे पडतात.

मशीन आणि डेटा न विचारणं

रेड डेड रिडेम्प्शन २ला डिस्कवर सुमारे १५० जीबी जागा लागते. रोज २ जीबीचा मोबाइल पॅक असणाऱ्याला तो उतरवायला अडीच महिने लागतील, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तो धड चालणारही नाही. टू द मून (२०११) एक जीबीही जागा घेत नाही, जुन्या मशीनवर चालतो आणि चारेक तासांत हलवून सोडतो. त्यात आवाजी संवाद नाहीत, सगळं वाचायचं असतं, तेवढं आधी सांगा.

'आपल्या पुण्याचा आहे' म्हणून राजी देणं

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेल्या राजी या गेमचा (२०२०) अभिमान मलाही आहे. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादांतून उलगडणारी भाऊ-बहिणीची गोष्ट, भिंतींवरची चित्रं, सगळं जीव ओतून केलेलं. पण तो मारामारीचा, उड्या मारण्याचा गेम आहे. कीबोर्डवर तर नवख्याचे हालच होतात. कंट्रोलर असेल आणि दोन-तीन गेम खेळून झाले असतील, तर आवर्जून द्या.

विषयाची कल्पना न देणं

व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच (२०१७) दोन तासांचा आहे, आणि त्यातला माशांच्या कारखान्याचा प्रसंग हातांनी गोष्ट सांगण्याचा मी पाहिलेला सर्वोत्तम नमुना आहे. एक हात यंत्रासारखा माशांची मुंडकी छाटत राहतो, दुसरा हात त्याच वेळी कामगाराच्या कल्पनेतल्या राज्यात फिरत असतो, आणि ते राज्य हळूहळू पडदा व्यापत जातं. पण या गेममध्ये लहान मुलांचे मृत्यू आहेत, आत्महत्या आहे. लाइफ इज स्ट्रेंजमध्येही आत्महत्येचा विषय येतो. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आधी विचारा. कोण, कधी, कसं हे न सांगताही एवढं सांगता येतं.

बाजूला बसून माऊस ओढून घेणं

दार सापडत नाहीये? सापडू द्या. पाच मिनिटं लागतील. त्या पाच मिनिटांत तो भिंतीवरचा फोटो बघेल, टेबलावरची चिठ्ठी वाचेल, आणि या गेम्समध्ये गोष्ट तिथेच ठेवलेली असते. यूट्यूबवरचा वॉकथ्रू (गेम कसा खेळायचा ते दाखवणारा व्हिडिओ) पहिल्या मिनिटापासून उघडा ठेवणाऱ्या उतावळ्यांनाही हेच सांगणं आहे. त्याने स्वतःहून मदत मागितली तर फक्त कुठे बघायचं ते सांगा. काय करायचं ते नको.

परताव्याची मुदत न सांगणं

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. गेम पॉज करून चहाला गेलं तरी स्टीम ती मिनिटं मोजतं, म्हणून उठताना गेम पूर्ण बंद करायला सांगा. दीड तासाच्या आसपास एकदा विचारा, 'पुढे काय होतंय याची उत्सुकता आहे का?' उत्तर नाही आलं तर त्याच दिवशी परतावा मागायला लावा आणि दुसरा गेम द्या. त्या वेळी आधीच्या गेमची बाजू मांडत बसू नका.